घरचे यंत्र : वायफायची जागा आणि वायफायचे कुलूप

गेल्या महिन्यात गणेशपुरीला जाणे झाले. तानसा नदीकाठचे हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नित्यानंदबाबांची समाधी आणि भीमेश्वराच्या देवळापाशी असलेली गरम पाण्याची कुंडे यांमुळे वर्षभर माणसांचा राबता असतो. बाकी गाव भातशेतीचे. ज्यांच्या घरी उतरलो त्यांची चार एकर भाताची जमीन. परसाच्या बाजूला दोन खोल्या काढल्या आहेत, त्या दर्शनाला येणाऱ्यांना भाड्याने देतात. थोरला मुलगा भिवंडीकडच्या एका गोदामाची आवक-जावक घरबसल्या संगणकावर उतरवून देतो. धाकटी मुलगी कॉलेजात शिकते.

चहा झाला आणि काकूंनी विषय काढला. "मास्तर, तुम्ही यंत्रांवर लिहिता ना? मग आमच्या नेटचं काय ते एकदा बघा. गेल्या दोन महिन्यांत दोन वेळा याचा हिशेब वेळेवर पोचला नाही. मालक म्हणाला, आता पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देईन."

मुलगा म्हणाला, "आपला प्लॅन पन्नासचा आहे. शंभरचा घेतला की मिटेल."

भाऊ ओटीवरून म्हणाले, "आणि दर महिन्याचे जास्तीचे पैसे कुठून आणायचे?"

मी म्हटले, आधी दुखणे कुठे आहे ते पाहू, औषधाचे मग ठरवू. त्या दिवशी दुपारभर आम्ही जे केले तेच आजच्या लेखात सांगतो. घरोघरी आता तार आली आहे, आणि घरोघरी हीच तक्रार ऐकू येते.

नेट वेगळे, वायफाय वेगळे

आपण बोलताना "नेट गेले", "वायफाय गेले" हे एकाच अर्थाने बोलतो. परंतु या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाचे उदाहरण घ्या. गावच्या टाकीपासून आपल्या घरापर्यंत जलवाहिनी येते. घरात आल्यावर ते पाणी हंड्याने, बादलीने किंवा नळीने आपण जागोजाग नेतो. इंटरनेट म्हणजे टाकीपासून घरापर्यंत येणारे पाणी. ते बहुधा काचेच्या बारीक तंतूतून, म्हणजे फायबरमधून येते. जेथे फायबर पोचलेले नाही तेथे सिमकार्ड घातलेली पेटी मोबाइलच्या टॉवरवरून ते घेते. वायफाय म्हणजे घरातल्या घरात ते वाटण्याची सोय. भिंतीवरची जी पेटी हे वाटप करते तिला राऊटर म्हणतात. फायबर असेल तर राऊटरपासून संगणकापर्यंतचे शेवटचे वीस-पंचवीस पावलांचे अंतर तेवढे बिनतारी असते. त्याच्या अलीकडे सगळी तारच.

म्हणून शेतात उभे राहून आपण मोबाइलवर ई-पीक पाहणी भरतो तेव्हा वायफायचा काही संबंध नसतो. तेथे टॉवरची रेंज लागते. वायफाय हे घराच्या उंबऱ्याभोवतीचे काम आहे.

हा फरक लक्षात आला की दुखणे शोधणे सोपे होते. संथ नेटची तक्रार असेल तर पहिले काम हे करावे. मोबाइल घेऊन राऊटरच्या शेजारी, चार हातांवर उभे राहावे आणि वेग मोजावा. वेग मोजून देणारी फुकटची पाने इंटरनेटवर पुष्कळ आहेत. मग जेथे संगणक ठेवला आहे तेथे जाऊन पुन्हा मोजावा. राऊटरजवळही वेग कमी आला तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा खुद्द राऊटरमध्ये. राऊटरजवळ चांगला आणि लांब गेल्यावर कमी, तर दोष घरातल्या वाटपात.

गणेशपुरीच्या घरी राऊटरजवळ ४६ मेगाबिट आले. प्लॅन ५० चा, म्हणजे ठीकच. मागच्या खोलीत संगणकापाशी आले अवघे २. आता शंभरचा प्लॅन घेतला असता तर काय झाले असते? राऊटरजवळ ९० झाले असते आणि मागच्या खोलीत दोनाचे दोनच राहिले असते. महिन्याचे जास्तीचे पैसे ओटीवरच सांडले असते.

मेगाबिट हा शब्द येथेच समजून घ्यावा. आपल्या फाईलचे आकारमान मेगाबाइटमध्ये सांगतात आणि प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ५० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला फार तर सहा मेगाबाइट उतरतात. "पन्नासचा प्लॅन आणि सहाच का?" असा पुष्कळांना संशय येतो. त्यात फसवणूक नसते, माप वेगळे असते.

लहर आणि भिंत

राऊटर काही जादू करीत नाही. तो एक छोटा रेडिओच आहे. फरक इतकाच की आपला जुना रेडिओ फक्त ऐकत असे. राऊटर आणि संगणक दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकतात.

रेडिओच्या लहरींना लांबी असते. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागे. त्या लहरीची लांबी सुमारे ५३७ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. एवढ्या लांब लहरीला घराची भिंत अडवू शकत नाही. डोंगराआडच्या पाड्यावरही रेडिओ ऐकू येत असे ते म्हणूनच. वायफायची लहर मात्र अगदी आखूड. तिचे दोन प्रकार मुख्य आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, तिची लांबी साडेपाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटे. लहर जितकी आखूड तितकी ती भिंतीत, सामानात, पाण्यात लवकर मुरते किंवा आपटून मागे फिरते.

हल्लीच्या बहुतेक राऊटरमधून या दोन्ही लहरी निघतात. मोबाइलवर पाहिले तर एकाच घराची दोन नावे दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी '५जी' असे लिहिलेले असते. हे मोबाइल कंपन्यांचे फाइव्ह-जी नव्हे. ती ५ गिगाहर्ट्झची खूण आहे. या दोहोंत निवड कशी करावी? राऊटर ज्या खोलीत आहे त्या खोलीत किंवा फार तर शेजारच्या खोलीत बसणार असाल तर ५ ची घ्यावी, तिला वेग अधिक. दोन-तीन भिंतींपलीकडे बसणार असाल तर २.४ ची घ्यावी. तिचा वेग कमी, पण ती जास्त लांब पोचते.

आपल्याच मुलखातले एक उदाहरण सांगतो. मुंबईच्या आयआयटीने 'ग्राममार्ग' नावाचा प्रयोग शेजारच्या पालघर जिल्ह्यात केला. खामलोली आणि आसपासच्या गावांना इंटरनेट न्यायचे होते. मध्ये झाडी, चढउतार, विखुरलेले पाडे. तेथे त्यांनी गावापर्यंतच्या मजलेला वायफायच्या आखूड लहरी न वापरता दूरदर्शनसाठी राखलेल्या, पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून पाहिल्या. त्या सुमारे ५०० मेगाहर्ट्झच्या, लांबीला साठ सेंटिमीटरच्या आसपास. झाडीतून त्या पुढे जातात. गावात पोचल्यावर मात्र माणसांच्या मोबाइलपर्यंत वाटप करायला वायफायच. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या कामाला पहिले पारितोषिक मिळाले. लांबच्या मजलेला लांब लहर, घरातल्या वाटपाला आखूड लहर, एवढा धडा त्यातून आपण घ्यावा.

राऊटर कुठे ठेवावा?

आता गणेशपुरीच्या घरात राऊटर कुठे होता ते पाहा. जोडणी करणारी माणसे रस्त्याकडून तार घेऊन आली. ओटीच्या कोपऱ्यात जेथे तार शिरली तेथेच त्यांनी राऊटर ठोकला आणि ती गेली. पुढे त्याच्यासमोर लोखंडी कपाट आले. धूळ बसू नये म्हणून काकूंनी राऊटरवर विणलेले झाकण घातले. तेथून मागच्या खोलीपर्यंत दीड फुटी दगडी भिंत, मग माजघर, मग स्वयंपाकघरात फ्रिज आणि पाण्याचा मोठा पिंप, मग विटांची भिंत. एवढ्या सगळ्यांतून लहरीने जायचे!

कोणती वस्तू लहरीला किती अडवते हे ध्यानात ठेवावे. कुडाची भिंत, लाकडी फळी, प्लायवूड, कौले यांतून ती सहज जाते. विटांच्या भिंतीत थोडी मुरते. जाड दगडी भिंतीत आणि सळ्यांच्या स्लॅबमध्ये पुष्कळ मुरते. लोखंडी कपाट, पत्र्याची पडदी, धान्याची पत्र्याची कोठी, मोठा आरसा यांतून ती जातच नाही, परत फिरते. पाणीही तिला शोषून घेते. म्हणून भरलेला पिंप, माशांची काचपेटी आणि पावसाळ्यात ओल धरलेली भिंत हे सगळे अडथळेच. अन्न तापवण्याची मायक्रोवेव्ह भट्टी २.४ च्याच आसपासच्या लहरींवर चालते. ती चालू असताना शेजारचे वायफाय अडखळते.

यावरून राऊटरच्या जागेचे नियम आपोआप निघतात.

राऊटर घराच्या मध्यावर असावा. दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर अर्धा उजेड बाहेर जातो, तसेच हे आहे.

तो उंचावर असावा. साधारण पुरुषभर उंचीवर, भिंतीवरच्या फळीवर ठेवावा. जमिनीवर, खाटेखाली किंवा दूरदर्शन संचाच्या मागे ठेवू नये.

तो उघडा असावा. कपाटात, कोनाड्यात, झाकणाखाली ठेवू नये. झाकणाने तो तापतो आणि तापला की अडखळतो. धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावी.

राऊटरला शिंगे, म्हणजे अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवाव्यात. उभ्या अँटेनाची लहर चहूबाजूंना आडवी पसरते. टोक ज्या दिशेला असते तिकडे ती सर्वांत कमी जाते. म्हणून अँटेना संगणकाकडे रोखून धरल्याने फायदा होत नाही, उलट तोटा होतो.

आम्ही काय केले? ओटीवरचा फायबरचा जोड तेथेच ठेवला. फायबर ही काच आहे, तिला आपण हात लावू नये. ती कोनात मोडली तर आतला प्रकाश पुढे जात नाही. या घरी फायबरची डबी आणि राऊटर वेगवेगळे होते, म्हणून सोपे गेले. दोहोंमधली छोटी वायर काढून तेथे वीस मीटरची लॅन केबल घातली आणि राऊटर माजघरात, दाराच्या वरच्या फळीवर नेला. माजघराची दोन्ही दारे बहुतेक वेळ उघडी असतात. दगडी भिंत मागे राहिली. ज्या घरी दोन्ही मिळून एकच पेटी असते, त्यांनी जोडणी देणाऱ्या माणसाला बोलावून पेटी आत घ्यावी. नवीन जोडणी घेणाऱ्यांनी तर पहिल्या दिवशीच सांगावे की तार माजघरापर्यंत आणून द्या. नंतर कोणी येत नाही.

मागच्या खोलीत पुन्हा मोजले. २ चे २१ झाले. खर्च केबलचा तेवढा.

एका वेळी एकच

मुलीने विचारले, "पण सर, रात्री आठनंतर तरीही हळू होतं, ते का?"

वायफायचा एक स्वभाव आहे. एका राऊटरवर, एका लहरीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. ग्रामसभेत सगळे एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही, म्हणून पाळीने बोलायचे, तसे. ही पाळी सेकंदात शेकडो वेळा बदलते, म्हणून आपल्याला कळत नाही. घरात दोन मोबाइल असतील तर पाळी लवकर येते. दहा असतील तर उशिरा. शिवाय लांब बसलेल्याचा वेग कमी, त्यामुळे तो आपली गोष्ट सांगायला जास्त वेळ घेतो आणि बाकीचे खोळंबतात. संध्याकाळी दूरदर्शन संचावर चित्रपट, पाहुण्यांच्या खोलीत चार मोबाइल आणि त्याच वेळी हिशेबाची फाईल, म्हणजे पाळीची रांगच.

शेजाऱ्याचा राऊटरही याच हवेत बोलत असतो. २.४ च्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ दिसली तरी एकमेकांवर न चढणारी तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारचा ६ वर असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावे. वाडीत एकटे घर असलेल्यांनी ही चिंता करू नये. बाजारपेठेत राहणाऱ्यांनी जरूर करावी.

संगणकाच्या कामासाठी माझा सल्ला साधा आहे. जो संगणक एका जागी बसलेला आहे, ज्याच्यावर पोटापाण्याचे काम चालते, त्याला शक्य तर तारेनेच जोडावे. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत चालते. तिला भिंत, पिंप, पाळी यांचे काही नसते. बिनतारी सोय मोबाइलला आणि हातातल्या लॅपटॉपला ठेवावी. पुष्कळ जुन्या संगणकांत वायफाय घेण्याची सोयच नसते. त्यांना पेनड्राइव्हएवढा वायफायचा छोटा तुकडा लावतात. तो संगणकाच्या पाठीमागे, पत्र्याच्या डब्याआड लावू नये. पुढच्या बाजूला किंवा हातभर लांब यूएसबी वायरीवर लावावा.

गोठ्यापलीकडच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नसेल तर दुकानदार 'रिपीटर' दाखवतो. तो एकाचे ऐकतो आणि तेच पुढे ओरडून सांगतो. एकाच लहरीवर दोन्ही कामे करायची असल्यामुळे वेग बहुधा निम्म्यावर येतो. शिवाय जेथे रेंजच नाही तेथे रिपीटर लावून उपयोग नाही, तो मध्यावर लावावा लागतो. त्यापेक्षा केबल नेऊन तिच्या टोकाला दुसरा राऊटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून लावणे केव्हाही चांगले.

वीज आणि विजा

राऊटरला सुमारे दहा वॅट वीज लागते. दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला साधारण सात युनिट होतात. एवढ्यासाठी तो दर रात्री बंद करावा असे नाही, पण केला तर बिघडतही नाही.

बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात. वीज गेली की नेट जाते ती अडचण असेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी डबा घ्यावा. घेण्यापूर्वी राऊटरच्या चिठ्ठीवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावे. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही वीज लागते हे विसरू नये.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार. कडकडाट सुरू झाला की राऊटर आणि संगणक यांचे प्लग बोर्डातून काढून ठेवावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नये. ती वीज आत घेऊन येऊ शकते. तेथे फायबरच घालून घ्यावी.

कुलूप

आता सगळ्यांत महत्त्वाचे. गणेशपुरीच्या घरी मागच्या दोन्ही खोल्यांच्या दारावर वायफायचा पासवर्ड खडूने लिहिलेला होता. तोच पासवर्ड चार वर्षे चालू होता. तो होता गावाचे नाव आणि पुढे १२३. मी विचारले, "चार वर्षांत किती माणसे राहून गेली?" काकू हसल्या. म्हणाल्या, "ते कोण मोजतंय!"

येथे एक जुनी घटना सांगणे भाग आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीची ई-मेल गेली होती. पोलिसांनी तिचा माग काढला तेव्हा तो निघाला आपल्या ठाणे जिल्ह्यात, नव्या मुंबईतल्या सानपाड्यात, एका परदेशी गृहस्थांच्या घरी. त्यांनी ती ई-मेल पाठवली नव्हती. त्यांचे वायफाय दुसऱ्याच कोणी वापरले होते. परंतु इंटरनेटवर पत्ता दिसला तो त्यांच्या जोडणीचा, त्यामुळे चौकशीला त्यांनाच तोंड द्यावे लागले. पुढे त्याच वर्षी मुंबईत आणखी दोन ठिकाणची वायफाय अशीच वापरली गेली. २००९ सालच्या सुरुवातीस मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधून लोकांना सावध करण्याची मोहीम घेतली, ती यामुळेच.

म्हणजे जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात पहिल्यांदा विचारणा येते. आजच्या दिवसांत धमकीच्या ई-मेलपेक्षा पैशांच्या फसवणुकीचा धोका जास्त आहे, पण माग काढण्याची रीत तीच आहे. भाऊ हे ऐकून उठून आत आले आणि खडूने लिहिलेले त्यांनी स्वतःच पुसून टाकले.

मग आम्ही कुलूप लावायला बसलो. ते असे लावतात. राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. तो संगणकावर इंग्रजी आकड्यांत टाकला की राऊटरचे पान उघडते. त्याला नाव आणि पासवर्ड विचारतात, तोही चिठ्ठीवर असतो. येथे पाच कामे करावीत.

पहिले, या पानाचा पासवर्ड बदलावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पुष्कळ राऊटरचा एकच असतो, तो कोणालाही ठाऊक असतो.

दुसरे, वायफायचा पासवर्ड बदलावा. नियमाने ८ अक्षरे तरी लागतात, आपण १२ पेक्षा कमी ठेवू नयेत. गावाचे नाव, देवाचे नाव, मोबाइल क्रमांक, मुलांची नावे घालू नयेत. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि एखादा आकडा घ्यावा. तो वहीत लिहून ठेवावा, दारावर नव्हे.

तिसरे, सुरक्षा या सदरात डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडावे, नसेल तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूईपी हे जुने कुलूप मोडलेले आहे. ते असणे नसणे सारखेच.

चौथे, डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडण्याची सोय बंद करावी. ती सोयीची वाटते, पण मागचे दार उघडे राहते.

पाचवे, पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाची वेगळी जोडणी करावी. बहुतेक नव्या राऊटरमध्ये ती असते. तिच्यावरून पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण घरचा संगणक आणि त्यातले हिशेब दिसत नाहीत. तिचा पासवर्ड वेगळा ठेवावा आणि पाहुणे बदलले की बदलावा. वेगाची मर्यादा घालता येत असेल तर घालावी, म्हणजे रात्री आठची रांगही कमी होते. गेस्टवरून गेलेली गोष्टही आपल्याच नावावर जाते. म्हणून खोली कोणाला दिली, कोणत्या तारखांना दिली, याची वही काटेकोर ठेवावी. ज्यांना गिऱ्हाइकांना नेहमीच वायफाय द्यायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात लहान दुकानदारालाही वेगळ्या परवान्याशिवाय वायफाय पुरवता येते, आणि वापरणाऱ्याची नोंद रीतसर होते. खोल्यांचा व्यवसाय वाढवायचा असेल त्यांनी तिची माहिती घ्यावी.

पासवर्ड बदलला की घरातली सगळी यंत्रे एकदा तुटतात. प्रत्येकावर नवा पासवर्ड घालावा लागतो. तेवढा अर्धा तास हाताशी ठेवून हे काम काढावे. हिशेब पाठवायच्या दिवशी काढू नये!

जाता जाता

परत निघताना मुलाने विचारले, "मग शंभरचा प्लॅन घ्यायचा का?" मी म्हटले, महिनाअखेर जाऊ दे. हिशेबाच्या संगणकाला तारेने जोड आणि बघ.

परवा काकूंचा फोन आला. हिशेब एक दिवस आधीच पोचला. प्लॅन पन्नासचाच आहे. राऊटरवरचे विणलेले झाकण त्यांनी आता पाण्याच्या पिंपावर घातले आहे.

वाचकहो, या रविवारी आपणही एवढे करून पाहावे. राऊटरपाशी एकदा आणि आपल्या बसायच्या जागी एकदा वेग मोजावा. दोन्ही आकडे कागदावर लिहावेत. त्यांत मोठा फरक असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी राऊटर हलवून पाहावा. आणि पासवर्ड शेवटचा कधी बदलला ते आठवावे. आठवत नसेल तर तो आजच बदलावा.

पुढील अंकी : संगणकातील कामाच्या फायलींची दुसरी प्रत कोठे व कशी ठेवावी.